तारेखालचा ऊस, तारेखालची गाडी



गळीत हंगाम तोंडावर आला की या अंकात आम्ही तोडणीचा कार्यक्रम, वाहतुकीचे करार आणि खोडव्याची निगा याबद्दल लिहितो. यंदा त्याआधी विजेच्या तारांबद्दल लिहिण्याचे ठरवले आहे. फडात तोडलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत कितीतरी तारांखालून जातो. उसाबरोबर गाडीवान जातो, मुकादम जातो, मोळ्यांवर बसलेली तोडकऱ्याची पोरेबाळेही जातात. आणि तारेबद्दल आपल्यात जे समज रूढ आहेत, त्यातले काही सरळ जीव घेणारे आहेत. “तारेला शिवलो नाही तर काय होतंय?” “तार तुटली की फ्यूज जातो, मग ती मेली.” “लाईट गेलीय, धर बिनधास्त.” ही वाक्ये आम्ही बांधाबांधावर ऐकली आहेत. ती खोटी का आहेत, ते समजून घेऊ.

त्यासाठी थोडे घाटाखाली जावे लागेल. आपल्या साखरेच्या गाड्या मुंबईच्या बाजूला जाताना बोरघाट उतरून खालापूर तालुक्यात शिरतात. डोके वर करून पाहिले तर तिथे आकाशात तारांचे जाळे दिसते. महाराष्ट्रात मोठ्या दाबाची वीज लांबवर नेण्याची सुरुवात इथलीच. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील धरणांचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली सोडून टाटांनी खोपोलीला वीजघर उभारले आणि १९१५ साली तिथली वीज सुमारे ७० किलोमीटरवरच्या परळला पोचली. त्या काळी ती सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने गेली. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. त्यातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याच्या काठची गावे आजही उन्हाळी भात काढतात. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे रेल्वे विजेवर धावू लागली. तेव्हा रेल्वेच्या तारेत १५०० व्होल्ट असत, आता २५ हजार असतात. यात मनोऱ्यांवरच्या अतिउच्चदाब वाहिन्या, गावोगावच्या ११ आणि २२ हजारांच्या वाहिन्या आणि घराच्या, पंपाच्या लघुदाब तारा मिळवल्या, म्हणजे कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर विजेचे सगळे प्रकार एकाच शिवारात आले. म्हणून उदाहरणाला आम्ही हेच दोन तालुके घेतले आहेत. भात असो वा ऊस, तार सगळीकडे तीच.

खोपोलीच्या नळांवरूनच व्होल्ट म्हणजे काय ते कळते. पाटातले पाणी आणि त्या नळातले पाणी एकच, पण नळात पाचशे मीटरहून जास्त उंचीचा दाब आहे. पाटाला भोक पडले तर पाणी झिरपते. नळाला भोक पडले तर पाणी गोळीसारखे सुटते. विजेचा दाब म्हणजे व्होल्ट. २३० व्होल्टच्या तारेभोवतीची हवा हा पुरेसा बांध आहे, त्यामुळे ती शिवल्याशिवाय सहसा झटका देत नाही. ११ हजारांची तार मात्र सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची हवा फोडून उडी मारते आणि मनोऱ्यावरची तार वीतभर किंवा त्याहूनही जास्त. रेल्वेच्या डब्यावर चढलेली मुले तारेला हात न लावता भाजून गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याचे कारण हेच. म्हणून नियम साधा ठेवा. लाकडी खांब असो की सिमेंटचा, त्यावरच्या कोणत्याही तारेपासून माणूस, हत्यार आणि माल तीन मीटर लांब. मनोऱ्यावरची तार असेल तर त्याच्या दुप्पट.

आता उंचीचा हिशोब. सुरक्षेच्या नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी लघुदाब तार जमिनीपासून निदान ५.८ मीटर आणि उच्चदाब तार ६.१ मीटर उंच हवी. शेतातून जाणाऱ्या ११ हजारांपर्यंतच्या उघड्या तारेला मात्र ४.६ मीटर चालतात आणि २२ हजारांच्या तारेला ५.२. हा आकडा लक्षात ठेवा : ४.६ मीटर, म्हणजे पंधरा फूट. भरलेली ट्रॉली चार मीटरला सहज जाते. तिच्यावर माणूस उभा राहिला की साडेपाच. नाडा आवळायला त्याने हात वर केला की सहा. कागदावर नियमात बसणारी तार आणि कागदावर न बसणारी गाडी यांची गाठ फडातच पडते, कारण रस्त्याला लागण्याआधी गाडी शेतातूनच निघते.

आणि तार तरी त्या उंचीवर राहते कुठे? उन्हाने ॲल्युमिनियम लांबते. वाहिनीवर भार जास्त असला की तार आतूनही तापते. सकाळी ज्या तारेखालून पहिली खेप सुखरूप गेली, तीच तार दुपारी खाली आलेली असते. खांब कलला, ताण सुटला, तर विचारायलाच नको. शिवाय एक गोष्ट आपणच करतो. दरवर्षी पाणंदीवर मुरूम टाकतो, दबई करतो, पुन्हा टाकतो. पाच-सात वर्षांत रस्ता फूट-दीड फूट वर येतो, तार मात्र आहे तिथेच. मग आपण म्हणतो, बोर्डाची तार खाली आली. (मंडळाचे तुकडे होऊन २००५ पासून महावितरण झाली, पण आपल्या तोंडातला बोर्ड काही गेला नाही.) तार सैल असेल तर ती ओढणे हे त्यांचेच काम आहे, त्यांना ते लेखी सांगितलेच पाहिजे. पण रस्ता आपण उचलला असेल तर तेही त्या अर्जात लिहावे, म्हणजे खांब बदलायचा की तार ओढायची हे त्यांना ठरवता येते.

तारेची उंची मोजायला काठी, टेप, पाईप काहीही वर नेऊ नका. मुलांच्या कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या घ्या. तारेच्या बरोबर खालच्या जागी खूण करून तारेला काटकोनात मागे मागे जा. गुण्याची तिरपी कड डोळ्याला लावल्यावर तार तिच्या रेषेत दिसली की थांबा. खुणेपासून तुमच्यापर्यंतचे अंतर अधिक तुमच्या डोळ्याची उंची म्हणजे तारेची उंची. सातवीतला मुलगा हे करून देतो.

सगळ्यात वाईट चाल म्हणजे बांबूने तार उचलून गाडी काढणे. एकजण ट्रॉलीवर उभा राहून बांबूने तार वर धरतो आणि गाडी हळूहळू खालून सरकते. आम्ही हे पाहिले आहे आणि खरे सांगायचे तर पाहून गप्पही बसलो आहोत. ओला किंवा हिरवा बांबू वीज वाहतो. वाळलेला बांबू लघुदाबाला कदाचित धकतो, ११ हजारांना नाही. आणि ती तार कोणती, हे खालून बघून सांगणारे आपल्यात फार थोडे आहेत. कर्जत-खालापूरकडे हाच प्रकार पेंढ्याच्या गाड्यांचा. पेंढा हलका म्हणून गाडी उंच भरली जाते, वर पेंढा वाळलेला, तारेला घासला की ठिणगी आणि ठिणगीबरोबर गाडी. आपल्याकडे उंची वाढते ती टनावर पैसे मिळतात म्हणून. यात वाहतूकदारालाच दोष देऊन चालणार नाही, खेपा वाचवण्याची घाई फडमालकाला आणि कारखान्यालाही असते.

रेल्वेच्या फाटकावर दोन्ही बाजूंना लोखंडी कमान असते, तिला उंचीची खूण असते. माल कमानीला लागला तर तो तारेलाही धोक्याचा, असा तिचा अर्थ. कमानीचा आडवा गज दोरीने वर ओढून गाडी काढणाऱ्याच्या डोक्यावर पंचवीस हजार व्होल्ट असतात, एवढे पुरे.

पाईपाची गोष्ट ट्रॉलीपेक्षा लहान दिसते, पण आम्हाला ती जास्त भीतीची वाटते. बोअरमधला पंप काढताना वीस फुटी लोखंडी पाईप वर येतो. वीस फूट म्हणजे सहा मीटर. तो घोडीवरून उभाच्या उभा बाहेर येतो आणि आडवा करताना झुकतो. पंधरा फुटांवर तार असेल आणि बोअर तिच्या आसपास असेल, तर पाईप तारेला लागणे हा नशिबाचा भाग राहत नाही. तो पाईप तीन-चार माणसांनी दोन्ही हातांनी धरलेला असतो, आणि म्हणून अशा अपघातात एकटा माणूस जात नाही. तुषार सिंचनाचे ॲल्युमिनियमचे पाईप खांद्यावर उभे धरून नेणे, आंबे काढायची लांब अकडी, फार्महाऊसच्या स्लॅबवर उचललेली सळई, सगळे याच जातीचे. लांब वस्तू आडवी न्या, दोघांनी न्या. बोअर तारेजवळ असेल तर काम काढण्याच्या आदल्या दिवशी लाईनमनला सांगून तेवढ्या वेळापुरती वाहिनी बंद करून घ्या. नवीन बोअर घेताना पाणाड्याने दाखवलेली जागा तारेखाली असेल तर दुसरी दाखवायला सांगा.

आता फ्यूजबद्दल, कारण सगळ्यात जास्त भरवसा आपण त्याच्यावर ठेवतो. पाच अश्वशक्तीचा पंप चालताना प्रत्येक फेजमधून साधारण सात अँपियर घेतो. डी.पी.वर असे दहा पंप असले तर तिथला फ्यूज तेवढा भार सोसेल असाच घातलेला असतो. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला अँपियरचा दहावा भागसुद्धा पुरतो. घरातला नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा जेवढा प्रवाह घेतो, त्याच्या दोन-तीनपट. म्हणजे माणूस तारेला चिकटून जात असताना फ्यूजच्या लेखी शिवारात दोन-तीन दिवे लागले, इतकेच. फ्यूज तारेला आणि डी.पी.ला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवणारे यंत्र वेगळे. घरात मीटरनंतर ३० मिलीअँपियरला तुटणारा ई.एल.सी.बी. बसवून घ्या. आणि डी.पी.च्या फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळायची सवय सोडा, नाहीतर उरलेसुरले संरक्षणही जाते.

तुटून पडलेल्या तारेचे असेच आहे. ११ हजारांची तार ओल्या चिखलात पडली तर भरपूर वीज जमिनीत जाते, उपकेंद्रातले संरक्षण ते ओळखते आणि वाहिनी तुटते. पण तीच तार कोरड्या मुरुमावर, कातळावर, डांबरावर किंवा पाचटाच्या थरावर पडली तर जमीन तिला नीट वाट देत नाही. वीज जाते, पण थोडी. उपकेंद्राला वाटते कुणाचा तरी पंप सुरू झाला. ठिणगी नाही, आवाज नाही, तार मेलेल्या सापासारखी पडलेली, आणि आत अकरा हजार जिवंत. दुसरे असे की वाहिनी तुटल्यावर उपकेंद्रातला ऑपरेटर ती पुन्हा एकदा चालू करून पाहतो. पक्षी बसून किंवा फांदी लागून तात्पुरता दोष आला असेल तर त्याने वीज परत येते, ही रीतच आहे. तुम्ही त्याच क्षणी तार बाजूला करायला वाकलेले असू शकता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा जिल्ह्यात हजारो खांब पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी सगळा तालुका अंधारात म्हणजे सगळ्या तारा मेल्या असे वाटते. पण दुरुस्ती तुकड्या-तुकड्याने होते आणि कोणता तुकडा कधी चालू होईल हे रस्त्यावर उभ्या माणसाला कळत नाही. कुणी घरात जनित्र लावून ते मेनशी तोडजोड न करता जोडले असेल, तर वीज उलटी डी.पी.तून चढून तारेत येते. अशा विजेने मरतो तो बहुधा खांबावर चढलेला लाईनमन.

शेतीच्या विजेचा आणखी एक घोळ आहे. रात्रपाळी आणि दिवसपाळी बदलली की आपण म्हणतो, लाईट गेली. पंप बंद म्हणजे तार बंद असे नाही. काही वाहिन्यांवर तीन फेज काढून घेतल्यावरही घरांच्या दिव्यांसाठी पुरवठा चालू ठेवतात. मोटार हलत नाही, पण तार झटका देते. आणि पाळीची वेळ झाली की लाईट न सांगता येते. वेळापत्रकाच्या भरवशावर फ्यूज बदलायला डी.पी.वर हात घालणारे आपले किती जण गेले, हे प्रत्येक गावाने आपापल्या मनाशी मोजावे.

पडलेल्या तारेपासून निदान दहा मीटर लांब राहायचे ते जमिनीमुळे. तार जिथे जमिनीला टेकते तिथे दाब सर्वात जास्त आणि तिथून बाहेर तो उतरत जातो. तळ्यात खडा टाकल्यावर वर्तुळे सुटतात तसे समजा. एक पाय एका वर्तुळात आणि दुसरा दुसऱ्या, की दोन पायांत फरक पडला आणि वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरली. पाऊल जितके लांब तितका फरक मोठा. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत माणसाच्या पावलाच्या दुप्पट अंतर असते आणि मध्ये त्याचे काळीज असते. म्हणून पावसाळ्यात औताची जोडी जागेवर जाते आणि औत्या कधीकधी वाचतो. आपण चुकून त्या भागात सापडलो तर धावायचे नाही, ढांग टाकायची नाही. दोन्ही पाय जुळवून, पाऊल न उचलता, टाच-चवड्याने घासत घासत मागे यायचे.

ट्रॅक्टर तारेत अडकला तर चालकाने जागीच बसावे. तो सगळ्या लोखंडाबरोबर एकाच दाबावर असतो. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही ते याच कारणाने. एक पाय ट्रॉलीच्या फाळक्यावर आणि दुसरा जमिनीवर ठेवला की तो गेला. गाडीने पेट घेतला आणि उतरण्याशिवाय इलाज राहिला नाही, तर गाडीला हात न लावता दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारावी आणि तसेच घासत लांब जावे. धोका मदतीला धावून येणाऱ्यांनाही असतो. ट्रॉलीला टेकून “काय झालं रं?” विचारणारा माणूस आम्ही गमावलेला आहे, आत बसलेला चालक सहीसलामत होता. म्हणून चालकाने पहिले काम करायचे ते ओरडून लोकांना लांब ठेवण्याचे.

जमिनीखालची वीज आपल्याला नवी वाटते. शहरांत आणि कारखान्यांच्या वसाहतींत केबल जमिनीखालून जातात. चक्रीवादळाच्या धोक्यामुळे अलिबागलाही भूमिगत वाहिन्यांचे काम झाले. प्रमाणाप्रमाणे ११ हजारांची केबल ९० सेंटिमीटर खोल पुरतात, २२ आणि ३३ हजारांची १०५ सेंटिमीटर, वर वाळू आणि विटा किंवा फरशा. खणताना ओळीने विटा किंवा रंगीत पट्टी लागली तर जे.सी.बी. तिथेच थांबवा आणि आधी विचारा. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या शेतातली सर्वात धोक्याची भूमिगत वाहिनी आपण स्वतः टाकलेली आहे. विहिरीपासून पेटीपर्यंतची पंपाची केबल बांधात वीतभर खोल दडपलेली, मध्ये दोन जोड, जोडावर चिकटपट्टी, आणि ती कुठून जाते हे वडिलांना माहीत होते. रोटाव्हेटरचे पाते तिला लागते, किंवा उंदीर कुरतडतात आणि ओल्या सरीत वीज उतरते. पाणी धरायला पहाटे अनवाणी गेलेल्या माणसाला ती सापडते. केबल सलग घ्या, पाईपातून न्या, दीड हात तरी खोल पुरा, दोन्ही टोकांना आणि वळणावर दगड रोवून चुना मारा. पंपाच्या पेटीला अर्थिंगची तार आहे का ते हंगामाआधी वायरमनकडून पाहून घ्या.

डुकरांसाठी कुंपणात थेट मेनची वीज सोडणारे काहीजण आहेत. त्याबद्दल आम्ही फार लिहीत नाही. तो गुन्हा आहे, आणि रात्री त्या तारेवर डुकराआधी शेजारी सापडतो. सौर कुंपणाचे यंत्र वीज झटक्या-झटक्याने सोडते, मेनची तार धरून ठेवते.

उसाच्या आगीबद्दल मात्र लिहायलाच हवे. तुरे आलेला ऊस तारेच्या जवळ पोचतो, वाऱ्याने सैल तारा एकमेकींवर आपटतात, वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब पाचटावर पडतात. एका थेंबात वर्षाचे पीक जाते. डी.पी.भोवतीचा आणि तारेखालचा पट्टा तोडणी कार्यक्रमात आधी यावा, अशी मागणी गट कार्यालयात करता येते. लघुदाब तारांत मध्ये स्पेसर बसवून घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा. अतिउच्चदाब वाहिनीखाली पाचट पेटवू नये, कारण दाट धुरातूनही वीज खाली येते. आग लागलीच तर तारांवर पाणी मारू नका, आधी वाहिनी बंद करून घ्या. जळालेल्या फडाचा पंचनामा त्याच दिवशी व्हावा आणि ऊस लवकरात लवकर तुटावा, कारण जळल्यानंतर साखर उतरत जाते आणि वजनही.

कुणाला झटका बसला तर आधी वीज बंद. लघुदाब तार असेल आणि बटण सापडत नसेल, तरच कोरड्या लाकडाने माणूस सोडवावा. उच्चदाब असेल तर वाहिनी बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये, ते कितीही कठीण वाटले तरी. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे आणि दवाखान्यात पोचेपर्यंत थांबू नये. वरून बरा दिसणारा माणूसही दाखवून आणावा. वीज आतून भाजते.

महावितरणचा क्रमांक १९१२ किंवा १८००-२३३-३४३५. दोन्ही फुकट लागतात. फोन करताना खांबावरचा किंवा डी.पी.वरचा क्रमांक सांगितला तर लाईनमन शोधत बसत नाही, म्हणून तो आजच पाहून पंपाच्या पेटीच्या आत खडूने लिहून ठेवा.

फडाच्या वाटेवर लोंबणारी तार असेल, कललेला खांब असेल, तर गट कार्यालयात छापील अर्ज ठेवले आहेत. गट नंबर, खांबाचा क्रमांक, गुण्याने मोजलेली उंची आणि सही एवढे भरून चिटबॉयकडे द्यावे. सगळे अर्ज एकत्र करून मोळी टाकण्याआधी कारखान्याच्या पत्राबरोबर महावितरणच्या उपविभागात नेऊन देण्याची जबाबदारी आम्ही घेतली आहे. कोणत्या अर्जावर काम झाले आणि कोणत्यावर नाही, त्याची यादी पुढच्या अंकात गावांच्या नावांसह छापू.